शेरा : माहेरी गेली

आमच्या कामात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न गरोदर बायका विचारत नाहीत, त्यांच्या सासवा विचारतात. मी लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलत असायची, आणि कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली सासू मध्येच विचारायची, "ताई, तुमाला किती मुलं?" मला मूल नाही. सुरुवातीला मी खरं सांगायची. मग त्या घरात माझं निम्मं बोलणं या कानातून शिरून त्या कानातून निघून जायचं. पुढे मी निर्ढावले. "यंदाची सांगू की एकूण?" असं उलट विचारायची. सासू गोंधळायची, सून तोंडाला ओढणी लावून हसायची आणि मी परत गोळ्यांकडे वळायची.

भोसरीपासून मोशीवरून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मी अठरा वर्षं माता-बाल आरोग्याचं काम केलं. एका संस्थेत समन्वयक होते. समन्वयक म्हणजे काय हे माझ्या माहेरच्या माणसांना अजून कळलेलं नाही. सोपं करून सांगते. जिला स्वतः इंजेक्शन द्यायचं नसतं, बाळंतपण करायचं नसतं, पण यातलं काहीही राहिलं तर जाब तिलाच विचारला जातो, ती समन्वयक. सरकारच्या आशाताई होत्याच. पण कंपन्यांमागून भाड्याच्या खोल्या इतक्या वाढल्या की त्या दारांना पुरेनात. म्हणून आमच्या संस्थेने त्या त्या वस्तीतल्याच बायका तयार केल्या. त्यांना आम्ही सखी म्हणायचो. बाई गरोदर आहे हे तिसऱ्या महिन्याच्या आत हुडकायचं, दवाखान्यात नाव घालायचं, वजन, रक्त, रक्तदाब बघत राहायचं, बाळंतपण कुठे होणार ते ठरवून घ्यायचं आणि नंतर दीड महिना बाळ-बाळंतिणीवर लक्ष ठेवायचं. यात शौर्य काही नाही, चिकाटी लागते. सगळं सुरळीत झालं तर सांगण्यासारखं काहीच घडत नाही, आणि तेच आमचं यश.

अडचण हुडकण्यात होती. गावाकडे एका घरची गरोदर बाई दहा घरांना माहीत असते. इथे परभणीची बाई एका खोलीत, शेजारच्या खोलीत चिपळूणची, पलीकडे आणखी कुठली. आज आहेत, पुढच्या महिन्यात खोली बदलून गेल्या. मोशीत आप्पा म्हणून एक घरमालक होते. एके काळी स्वतः नांगर धरलेला माणूस. आता त्याच रानात त्यांच्या बावीस खोल्या होत्या. त्यांना भाडेकरूंची नावं सांगून उपयोग नसे. "नाव कशाला ध्यानात ठिवायचं? माणसं बदलत्यात, नंबर न्हाई बदलत," असं ते म्हणायचे. "आमची सात नंबर बाळंत झाली बरं का," हे ते आनंदाने सांगायचे, पण सात नंबर म्हणजे कोण, हे आम्ही शोधायचं.

प्रत्येक सखीकडे एक रजिस्टर असायचं आणि त्याच्या शेवटच्या रकान्यावर 'शेरा' असं लिहिलेलं असायचं. त्या रकान्यात 'गोळ्या चालू', 'खोली सोडली', असं काहीबाही असायचं. पण सखींचा सगळ्यात लाडका शेरा 'माहेरी गेली' हा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्यात ओटी भरली की आई किंवा भाऊ येऊन घेऊन जाणार. एकदा हा शेरा पडला की ती बाई आमच्या यादीतून वजा व्हायची. पुढचं बघायला तिची आई होती, तिकडचा दवाखाना होता. खरं सांगायचं तर आमचीही सुटका व्हायची.

सखी तक्रार करायच्या की बायका न सांगता माहेरी जातात आणि आम्ही भर उन्हात बंद दारांशी खेटे घालतो. म्हणून मी एक नियम केला. सातवा महिना सरला, माहेरी जाणार असं बाई आधी बोललेली असली आणि दोनदा जाऊन दाराला कुलूप दिसलं, तर 'माहेरी गेली' लिहायचं आणि पुढच्या घरी जायचं. सगळ्यांना तो फार आवडला. मलाही माझ्या व्यवहारज्ञानाचं कौतुक वाटलं. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली मी नाही, असा माझा तेव्हा समज होता.

आप्पांच्या खोल्या मंगलकडे होत्या. मंगल मोशीचीच, जुन्या शेतकरी घरातली, आप्पांची लांबची पुतणी. घरचं सगळं भरपूर होतं. "टीव्ही बघून बघून डोळं गेलं, म्हून आले," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. स्कूटीच्या डिकीत रक्तदाबाचं यंत्र, पिशवीत वजनकाटा आणि तीन गल्ल्या ओलांडून जाईल असा आवाज. तिच्यासारखी सखी मला दुसरी मिळाली नाही.

तिनेच मला अकरा नंबरमधल्या रेखाकडे पहिल्यांदा नेलं. रेखा परभणीकडची. विशीतली, सडपातळ, बोलायला लाघवी. तेव्हा तिला पाचवा महिना होता. नवरा संतोष चाकणच्या एका कारखान्यात होता. बाळंतपण कुठे करणार म्हणून विचारलं, तर लगेच म्हणाली, "माहेराला. माय येणारंय न्यायला. सातव्यात वटी भरून नेती म्हणली." मग तिने न विचारता आणखी बरंच सांगितलं. मायने जुन्या लुगड्याचं दुपटं शिवायला घेतलंय. डिंक आणून ठेवलाय. बापाने अंगणात न्हाणीला नवा आडोसा केलाय. ऐकून मला बरं वाटलं. चला, एका पोरीची काळजी मिटली, असं मी मंगलला जिना उतरता उतरता म्हणाले.

आठवा लागला. मंगल दोनदा दुपारी गेली, दोन्ही वेळा कुलूप. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, माहेरी जाणार होती, गेली असेल. मंगलने शेरा लिहिला. महिनाअखेर ते पान माझ्यापुढे आलं आणि मी सही केली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका गुरुवारी मंगलचा फोन आला. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. आमची साप्ताहिक मिटिंगही गुरुवारीच असायची. त्या दिवशी ती लवकर आटोपली होती आणि मंगल घरी जाताना भाजी घ्यायला थांबली होती.

"ताई, माहेरी गेलेली बाई हितं भाजी घिती."

"कोण?"

"अकरा नंबरची रेखा."

"दुसरी कुणी असेल गं. नीट बघ."

"आवो, नीट बघूनच बोलतीय. नवऱ्याच्या चपला घातल्यात तिनं. पाय मावत न्हाईत सवताच्या चपलांत. त्वांड बी सुजलंय. तुमी या बिगी बिगी."

मी भोसरीहून शेअर रिक्षा पकडली. पोचले तेव्हा मंगलने रेखाला भाजीवाल्याच्या उलट्या क्रेटवर बसवलं होतं आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला होता. तिने दोनदा मोजलं होतं, माझ्यासमोर तिसऱ्यांदा मोजलं. आकडा तिन्ही वेळा तोच, भलताच वर. गरोदरपणात रक्तदाब असा चढला की बाईला झटके येऊ शकतात, आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेततं. आणि हे वेळेत कळायला काही मोठं लागत नाही. हा पट्टा आणि दोन मिनिटं लागतात.

"डोकं दुखतंय?" मी विचारलं.

"चार दिस झाले. उन्हानं असंल."

"डोळ्यांपुढे काही होतंय?"

"काजवे चमकल्यावानी."

"बाळ हलतंय ना?"

पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "काल धरनं कमी हलतंय. लाइनीवर उभं असलं की ध्यानात येत नाही, मॅडम."

म्हणजे ती कामावर जात होती. फर्स्ट शिफ्टला पहाटे निघायची, संध्याकाळी ओव्हरटाइम करून यायची. वर ढगळ शर्ट घालायची, कारण पोट दिसलं की ठेकेदार कामावर घेणार नाही ही भीती. मंगल जायची तेव्हा दाराला कुलूप, आणि गुरुवारी रेखा घरी असायची तेव्हा आम्ही सगळ्या मिटिंगला.

त्या वेळी विचारायला नको होतं, पण मी विचारलं, "माहेरी का गेली नाहीस?"

तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मला माहेर नाही, मॅडम. जातीबाहेर लग्न केलं तवापासून मायनं फोन उचलला नाही. इथल्या समद्या बाया जात्यात माहेराला. कवा जाणार, कवा जाणार, इचारायच्या. काय सांगू?"

ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, पण नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली होती आणि ती कधी पोचेल ते कळत नव्हतं. मंगल पळत आप्पांकडे गेली. आप्पांची पांढरी मोठी गाडी दारात उभी असायची. तिच्यात लग्नाकार्याशिवाय कुणी बसत नसे, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. आप्पा अंगावरच्या बंडीवर बाहेर आले, किल्ली घेतली आणि रस्ताभर हॉर्नवरचा हात काढला नाही. रेखा मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिचे डोळे मिटायला लागले की आप्पा पुढून ओरडायचे, "रेखा, ए रेखा, झोपू नगंस पोरी. बोलत ऱ्हा. तुझं गाव कंचं म्हनलीस?" तिचं नाव त्यांना ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात पोचल्यावर तिला झटका आला. डॉक्टरांनी शिकस्त केली आणि रेखा वाचली. मुलगी होती. ती रडली नाही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या, हात पुसत म्हणाल्या, "आठ-दहा दिवस आधी कुणी नुसतं बीपी बघितलं असतं तरी चाललं असतं." त्या मला दोष देत नव्हत्या. त्यांना काय ठाऊक, आठ-दहा दिवसांपूर्वी आमच्या रजिस्टरात ही बाई माहेरी होती आणि खाली माझी सही होती.

खिडकीपाशी कागद भरायचे होते. मागाहून आलेला संतोष जिन्यात बसून होता. त्याच्या मांडीवर एक दुपटं होतं, निळ्या काठाचं. मायने शिवलंय म्हणून रेखाने सांगितलेलं ते हेच. ते रेखानेच स्वतः शिवलं होतं. त्याला उठवायचा मला धीर झाला नाही, म्हणून मी गेले. क्लार्कने जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागितला, मी माझा दिला.

"नातं काय?"

"समन्वयक."

"बाई, ते नातं नाही. आई, सासू, बहीण, काहीतरी सांगा."

त्याने रकाना कोरा सोडला आणि शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी रेखाला दूध आलं. मूल गेलं तरी दूध येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती घाबरून गेली होती, कपडे भिजले होते. मंगलने पडदा ओढला, आत बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो एवढा मोठा आवाज तिने इतका बारीक केलेला मी कधी बघितला नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही शरम वाटते. अशी घटना घडली की संस्थेला अहवाल द्यावा लागतो. बाळ गेलं त्याच संध्याकाळी मी तो लिहायला घेतला आणि पहिलंच वाक्य लिहिलं, 'सखीने चुकीची नोंद केल्यामुळे'. ते खोटं नव्हतं. नोंद मंगलचीच होती. मंगल स्वतः सगळ्यांना रडत सांगत होती, "म्या लिवलं. माज्या हातानं लिवलं." तिने सगळं स्वतःवर घेतलं होतं आणि मी तीन दिवस तिला घेऊ दिलं. तीन दिवस ते वाक्य माझ्या टेबलावर होतं. मंगलला पडद्यामागे बसलेली बघून आल्यावर मी तो कागद फाडला.

पुढच्या गुरुवारी मिटिंगमध्ये मी उभी राहिले. नियम मी केला होता, मंगलने तो पाळला, असं सांगितलं. मिटिंगचा वार मी ठरवला होता, आणि गुरुवारी या बायका घरी असतात हे इतकी वर्षं या पट्ट्यात फिरून मला सुचलं नव्हतं, हेही सांगितलं. मंगलने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

त्या दिवसापासून मिटिंग शनिवारी गेली आणि गुरुवार घरभेटींचा झाला. 'माहेरी' या शेऱ्यासाठी नवा नियम आला. नाव नोंदवतानाच माहेरचा नंबर घ्यायचा, सखीने स्वतः फोन लावायचा, आईशी बोलायचं. मुलगी तिकडे पोचली, तिथल्या दवाखान्यात नाव लागलं, हे कळल्याशिवाय यादीतून नाव काढायचं नाही. सखी कुरकुरल्या. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताई आता ताकही फुंकून प्यायला लावतात, असं त्या माझ्यामागे म्हणत. म्हणू देत. त्या फोनांनी आमची करमणूकही कमी केली नाही. हिंगोलीच्या एका वडिलांनी मंगलचा फोन तीनदा कापला. "आमाला लोन नगं, कार्ड नगं!" चौथ्यांदा मंगलने श्वास न घेता, "लोन न्हाई, नातू हुणार हाय तुमाला," असं ठणकावलं, तेव्हा कुठे त्यांनी बायकोला बोलावलं. पण त्याच फोनांमुळे अशाही पोरी कळल्या, ज्यांच्या नंबरावर कुणी उचलतच नव्हतं. त्यांच्या नावापुढे आम्ही एक खूण करायचो आणि त्यांच्या घरी दुप्पट जायचो.

रेखाकडे मी जात राहिले, गुरुवारी, जमेल तसं. सल्ले द्यायला नव्हे. ती भाकरी थापायची, मी खायची. माझ्या हातच्या पोळ्यांना ती नावं ठेवायची. पुढे तिने आणि संतोषने चाकणजवळ खोली घेतली, मी गेल्या वर्षी निवृत्त झाले, शाल-नारळ घेऊन निगडीला घरी बसले. भेटी विरळ झाल्या. दिवाळीला तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोललो.

मागच्या महिन्यात दुपारी मी मेथी निवडत बसले होते. अनोळखी नंबर होता. एक कोवळा, घाईघाईचा आवाज म्हणाला, "नमस्कार, मी सखी बोलतेय. तुम्ही रेखाच्या आई का?"

मी मेथीची जुडी खाली ठेवली.

"हॅलो? रेखाताईंनी माहेरचा नंबर म्हणून हा दिलाय. त्यांना पाचवा लागलाय. आमचा नियम आहे, आईशी बोलल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही. तुम्ही त्यांच्या आईच ना?"

रेखा पुन्हा गरोदर आहे हे मला असं कळलं. आधी मला रागच आला. ही पोरगी परत खोटं माहेर सांगायला लागली, परत तेच. मग ध्यानात आलं, या वेळी तिने ज्या माहेराचा नंबर दिला होता तिथे फोन उचलला गेला होता. माझे डोळे भरून आले. हाताला मेथी चिकटलेली होती, पुसताही येईनात.

"हो," मी म्हणाले. "मी रेखाची आई बोलतेय."

"बरं झालं. मग बाळंतपणाला त्या तुमच्याकडे येणार ना? मी सातव्यानंतर 'माहेरी गेली' लिहिते."

"मुळीच लिहू नकोस. कागद घेतलास? पहिल्या खेपेला तिचं बीपी चढलं होतं, बाळ गेलं. ते कार्डावर लाल शाईनं लिही आणि उद्याच डॉक्टरांना दाखव. पाय बघत जा. चपला कुणाच्या घातल्यात तेही बघ. गुरुवारी जा म्हणजे घरी सापडेल. आणि ती काहीही म्हणाली, तरी यादीतून तिचं नाव काढायचं नाही."

पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता. पोरीने सगळं उतरवून घेतलं असावं.

"पण मग शेऱ्यात काय लिहू, आई?" तिने विचारलं.

"लिही, माहेरच तिच्याकडे येणार आहे," मी म्हणाले, आणि मेथी तशीच टाकून चाकणच्या बसची वेळ बघायला उठले.